वाचकांचे प्रश्न : वृद्धसेवा, नर्सिंगचे विद्यार्थी आणि पूरक उपचार

नर्सिंगमधील संशोधन आणि वृद्धसेवा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे वगळली असून पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : मी एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांचा वृद्धांविषयीचा दृष्टिकोन आणि वृद्धसेवेत करिअर करण्याची त्यांची तयारी, असा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. पथदर्शी अभ्यासात जवळजवळ सर्वांचा दृष्टिकोन ‘अनुकूल’ आला. पण पदवीनंतर कोठे काम करणार, असे तोंडी विचारल्यावर वृद्धसेवेचे नाव एकानेही घेतले नाही. गाइड मॅडमना वाटते की मोजपट्टीतच दोष आहे. तो नेमका कोठे असेल? (लातूर)

तुम्ही ज्याला दोष समजत आहात, तोच तुमच्या अभ्यासाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष ठरण्याची शक्यता आहे. वृद्धांविषयी आदर असणे आणि वृद्धांची शुश्रूषा हे आपले आयुष्यभराचे काम मानणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्या वेगवेगळ्या मोजायला हव्यात, आणि त्यांची बेरीज तर कधीच करू नये. ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांना कामाच्या जागांचा पसंतीक्रम लावायला सांगून ज्या पाहण्या झाल्या, त्यांत वृद्धसेवा वारंवार यादीच्या तळाशी सापडली, आणि शिक्षण जसजसे पुढे गेले तसतशी ती आणखी खाली सरकलेली दिसली. म्हणजे नावड सगळीच घरून आलेली नसते. तिचा काही भाग आपणच वर्गात आणि वॉर्डात शिकवतो. शिक्षक म्हणून ही गोष्ट मला अजूनही टोचते.

आता मोजपट्टीविषयी. तुम्ही वापरलेली कोगन यांची मोजपट्टी, म्हणजे वृद्धांविषयीचा दृष्टिकोन मोजणारी विधानांची प्रश्नावली, १९६१ सालची आहे. तिच्यात ३४ विधाने असून ती १७ जोड्यांत मांडलेली आहेत. प्रत्येक जोडीत एक विधान वृद्धांच्या बाजूचे आणि दुसरे त्याच्या उलट असते, म्हणजे विधान न वाचताच ‘सहमत’वर खूण करत जाणाऱ्याची सवय लक्षात येते. रचना चांगली आहे. अडचण मराठी अनुवादाची आहे, आणि ती बहुतेक प्रबंधांत ‘साधन तज्ज्ञांकडून तपासून घेतले’ या एका वाक्याखाली झाकली जाते. मूळ मोजपट्टीत ज्या साध्या शब्दाने वृद्धांचा उल्लेख होतो, त्यासाठी आपल्याकडे म्हातारे, वृद्ध, वयस्कर, ज्येष्ठ नागरिक, आजी-आजोबा असे अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची चव वेगळी आहे. ‘ज्येष्ठ नागरिकांचा सहवास मला आवडतो’ या विधानाशी असहमती दाखवणे मराठी घरात वाढलेल्या विद्यार्थिनीला उद्धटपणा वाटेल, तर ‘म्हाताऱ्या माणसांचा सहवास मला आवडतो’ या विधानापुढे तीच विद्यार्थिनी क्षणभर थांबेल. तुमच्या प्रश्नावलीत ‘ज्येष्ठ’ हा शब्द सर्वत्र असेल, तर तुम्ही दृष्टिकोनाऐवजी घरचे वळण मोजले असण्याचा संभव आहे. अनुवाद एका व्यक्तीकडून करून घ्यावा, मूळ मोजपट्टी न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून तो पुन्हा इंग्रजीत आणावा, आणि त्यानंतर पाच-सहा विद्यार्थ्यांना प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला लावून ‘हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे कोण आले?’ असे विचारावे. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्वतःची आजी येत असेल, तर वॉर्डातल्या अनोळखी, चिडचिड्या, लघवीवर ताबा न राहिलेल्या रुग्णाविषयी त्यांना काय वाटते, हे तुमच्या मोजपट्टीला अजून कळलेलेच नाही.

दुसरा भाग करिअरचा. ‘वृद्धसेवेत काम करायला आवडेल का?’ असा हो-नाहीचा प्रश्न ठेवू नये, कारण त्याचे उत्तर देताना विद्यार्थ्याला काहीच सोडावे लागत नाही. आयसीयू, ऑपरेशन थिएटर, कॅज्युअल्टी, लेबर रूम, बालरुग्ण विभाग, मानसोपचार, सार्वजनिक आरोग्य आणि वृद्धसेवा यांना क्रम लावायला सांगा आणि पहिल्या व शेवटच्या पसंतीचे कारण त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘शिकायला काही मिळत नाही’, ‘ते मावशींचे काम आहे’, ‘पगार कमी’, ‘परदेशात अनुभव धरत नाहीत’, ‘रुग्ण बरा होऊन घरी गेला असे होतच नाही’ अशी उत्तरे मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. यांतली काही खरी आहेत आणि काही ऐकीव. खरी कोणती आणि ऐकीव कोणती हे वेगळे करून दाखवणे हेच तुमच्या प्रबंधाचे काम आहे.

अभ्यासक्रमाचाही विचार चर्चेच्या प्रकरणात करावा. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमात वृद्ध परिचर्या हा प्रौढ रुग्णांच्या परिचर्येच्या विषयातला एक भाग आहे, एम.एस्सी.च्या पाच शाखांत वृद्ध परिचर्येची स्वतंत्र शाखा नाही, तिच्यासाठी पदवी किंवा पदविकेनंतरचा एक वर्षाचा स्वतंत्र पदविका अभ्यासक्रम मात्र आहे. ज्या विषयाला स्वतःची शाखा नाही, त्याला बहुधा स्वतःचे प्राध्यापकही मिळत नाहीत, आणि ज्याचे प्राध्यापक दिसत नाहीत त्या विषयात कोणी पुढे गेल्याचे विद्यार्थ्यांना दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरचे १० कोटींहून अधिक लोक होते, आणि महाराष्ट्रातील त्यांचे प्रमाण ९.९ टक्के म्हणजे देशाच्या ८.६ टक्के सरासरीपेक्षा जास्त होते. त्यामुळे रुग्ण नाहीत, असे कारण कोणाला देता येणार नाही. तुमचे विद्यार्थी ज्या मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग करतात, तेथील खाटांवर बहुतांश कोण असते, हेही एकदा मोजून पाहा. वृद्धसेवा नको म्हणणारा विद्यार्थी रोज वृद्धसेवाच करत असतो. फक्त त्या कामाला ते नाव दिलेले नसते.

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे, रात्री तिला झोप लागत नाही. ब्युरोकडून येणाऱ्या मावशी रोज झोपण्यापूर्वी तिचे पाय गरम पाण्यात ठेवतात, त्यात लॅव्हेंडरच्या तेलाचे थेंब टाकतात आणि नंतर तळपायांना खोबरेल तेल चोळतात. आईला बरे वाटते. पण माझा भाऊ याला थोतांड म्हणतो. यामागे काही संशोधन आहे का? तिला मधुमेह आहे. (डोंबिवली)

तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य पहिले असायला हवे होते. दीर्घकाळच्या मधुमेहात तळपायाची संवेदना कमी होते; पाणी भाजण्याइतके गरम असले तरी रुग्णाला ते कोमटच वाटते आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. त्यामुळे आईच्या पायांची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय हा उपचार चालू ठेवू नये. तपासणीनंतर परवानगी मिळाली, तरी पाण्याचा अंदाज आईने नव्हे, मावशींनी स्वतःचे कोपर बुडवून किंवा थर्मामीटर लावून घ्यावा. पायाला जखम असेल, एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखत असेल, तर पाणीही नको आणि चोळणेही नको. शिरेत रक्ताची गाठ असताना पोटरी चोळणे धोक्याचे असते.

आता भावाला द्यायचे उत्तर. पाय गरम केल्याने झोप लवकर लागण्याला शरीरशास्त्राचा आधार आहे. झोप येताना शरीराच्या आतले तापमान किंचित उतरावे लागते, आणि हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावल्या की आतली उष्णता तेथून बाहेर पडते. पाय उबदार असतील तर झोप लवकर लागते, असे स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९९९ साली दाखवले होते. गरम पाण्याच्या स्नानावरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ साली झालेल्या आढाव्यात झोपण्यापूर्वी एक ते दोन तास, ४० ते ४२.५ अंश सेल्सिअसच्या पाण्याचा उपयोग झोप लवकर लागण्यासाठी होत असल्याचे दिसले. हे अंश निरोगी संवेदनेच्या माणसांसाठी आहेत, हे मधुमेह असलेल्या आईच्या बाबतीत पुन्हा लक्षात ठेवावे. पाय शेकायचेच असतील, तर अगदी अंथरुणावर पडताना शेकण्याऐवजी थोडे आधी शेकावेत.

लॅव्हेंडरविषयी इतक्या खात्रीने लिहिता येत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरील सुगंधोपचाराचा, उपचारांवरील अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेला आढावा १३ अभ्यासांचा आणि ७०८ रुग्णांचा होता. त्यातून उपयोगाचा पटण्याजोगा पुरावा निघाला नाही. तुमच्या आईला स्मृतिभ्रंश नाही, त्यामुळे तो निष्कर्ष तिला जसाच्या तसा लागू होत नाही. पण बाटलीवरच्या दाव्यांवर किती विश्वास ठेवावा, याची कल्पना त्यातून येते. वास आवडत असेल आणि त्वचेला खाज येत नसेल, तर दोन थेंबांना माझी हरकत नाही.

खोबरेल तेलाबद्दल एकच सांगते. तेल लावलेल्या पायांनी रात्री न्हाणीघरात जाणारी वृद्ध स्त्री फरशीवर घसरते आणि खुब्याचे हाड मोडते. तेल पुसून काढावे किंवा सुती मोजे घालावेत. मोज्यांना मात्र तळाशी पकड हवी.

आपण ज्याला पूरक उपचार म्हणतो, तो मूळ उपचारासोबत चालतो; मूळ उपचार बंद करून जो घेतला जातो तो पर्यायी. सगळा गोंधळ या दोन शब्दांच्या सरमिसळीतून होतो. आईच्या गोळ्या, त्यांतही रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली जाते का, दुपारची झोप किती, संध्याकाळचा चहा किती वाजता, हे आधी पाहावे. रोज ज्येष्ठमधाचा काढा चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्याने रक्तदाब वाढू शकतो आणि रक्तातील पोटॅशियम उतरू शकते. घरगुती म्हणून जे घेतो ते डॉक्टरांना सांगायचे नसते, असा आपल्याकडे एक विचित्र संकेत आहे. तो मोडावा.

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. नर्सिंग करून जर्मनीला जायचे म्हणते. पण तेथे वृद्धाश्रमात काम करावे लागेल असे ऐकतो. एवढे शिकून म्हाताऱ्यांचे डायपर बदलायचे का, असा नातेवाइकांचा प्रश्न आहे. (कोल्हापूर)

जर्मनीत पूर्वी वृद्धसेवेचे शिक्षण आणि सर्वसाधारण नर्सिंगचे शिक्षण वेगवेगळे होते. १ जानेवारी २०२० पासून तेथे दोन्ही एकत्र करून एकच परिचर्या-शिक्षण सुरू झाले आहे. तेथे वृद्धसेवा हे नर्सिंगच्या बाहेरचे काम मानले जात नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी जो करार केला, त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. मुलीला आपल्या पदवीची मान्यता आणि साधारणपणे बी-२ पातळीपर्यंतची जर्मन भाषा, या दोन्हींसाठी वेळ आणि पैसा बाजूला ठेवावा लागेल. सही करण्यापूर्वी करारपत्रात पद ‘सहायक’ म्हणून लिहिले आहे की मान्यताप्राप्त परिचारिका म्हणून, हे नीट वाचावे, कारण पगार आणि पुढची बढती त्यावर ठरते.

नातेवाइकांना एवढे सांगा की डायपर बदलताना शिकलेली परिचारिका माकडहाडावरची त्वचा पाहते, आणि दाबल्यावरही न जाणारी लाली ओळखून बेडसोर व्हायच्या आत रुग्णाची कूस बदलण्याचे वेळापत्रक बसवते. न शिकलेला माणूस फक्त डायपर बदलतो.

प्रश्न : आमच्या वृद्धाश्रमात दर वर्षी नर्सिंग महाविद्यालयांच्या विद्यार्थिनी येतात. फॉर्म भरून घेतात, सात दिवस हाताला मालिश करतात किंवा गाणी ऐकवतात, पुन्हा फॉर्म भरून घेतात आणि जातात. आठव्या दिवशी आमच्या आजी दाराकडे पाहत बसतात. या संशोधनाचा आम्हाला काय उपयोग? (सांगली जिल्हा)

हे पत्र वाचून मला माझा स्वतःचा प्रबंध आठवला. मीही विद्यार्थिदशेत एका वृद्धाश्रमात असेच काम केले होते. ३० आजी-आजोबा, नियंत्रण गट (म्हणजे उपचार न देता तुलनेसाठी ठेवलेला गट) नाही, आधी मोजले, उपचार केला, नंतर मोजले, फरक लक्षणीय आला आणि पदवी मिळाली. त्या अभ्यासातील चुका मला नंतर शिकवताना कळल्या, आणि तुमच्याकडे येणाऱ्या मुलींच्या अभ्यासांत त्या आजही असणार.

पहिली चूक निवडीची. ज्यांची झोप त्या आठवड्यात सर्वांत वाईट आहे त्यांनाच निवडले, तर काहीही न करता पुढच्या मोजणीत त्यांतील अनेकांची झोप थोडी सुधारलेली दिसणार, कारण वाईट आठवडा सरतोच. बाजूला नियंत्रण गट नसेल, तर हा नैसर्गिक चढउतार उपचाराच्या खात्यावर जमा होतो. दुसरी चूक मोजण्याच्या कालावधीची. पिट्सबर्गची झोप-मोजपट्टी सर्रास वापरली जाते. तिचे गुण ० ते २१ असतात आणि ५ च्या वर गेले की झोप चांगली नाही असे धरतात. ती मोजपट्टी मागील एका महिन्याच्या झोपेविषयी विचारते. सात दिवसांच्या उपचारानंतर आठव्या दिवशी तीच भरून घेतली, तर उत्तरातले बहुतेक दिवस उपचारापूर्वीचेच असतात. तरीही गुण झपाट्याने सुधारलेले दिसतात, याचा अर्थ आजी प्रश्नाला उत्तर देत नसून समोर बसलेल्या मुलीला खूश करत आहेत. रोज हात हातात घेऊन बसणाऱ्या मुलीच्या कागदावर कोण वाईट लिहील?

यातूनच खरा प्रश्न पुढे येतो. परिणाम तेलाचा, मालिशीच्या पद्धतीचा, की रोज ठरावीक वेळी एक माणूस येऊन २० मिनिटे बसतो याचा? हे ओळखायचे असेल तर दुसऱ्या गटाकडेही तेवढाच वेळ कोणी तरी जाऊन बसायला हवे, फक्त मालिश न करता. असा गट प्रबंधांत क्वचितच असतो, कारण त्याला दुप्पट वेळ लागतो. संगीताचेही तसेच आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ साली लिहून ठेवले होते की आजाऱ्यावर संगीताचा काय परिणाम होतो याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. सलग सूर धरणारी वाद्ये आणि मानवी आवाज तिला हितकारक वाटत, पियानो तिला रुग्णासाठी पसंत नव्हता. आज स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांतील उदासी संगीतोपचाराने कमी होते असे म्हणण्याइतपत पुरावा जमला आहे. पण आजींना काय ऐकायचे आहे हे विचारून भजन, नाट्यगीत किंवा जात्यावरची ओवी लावणारी विद्यार्थिनी मला अजून फार थोड्या वेळा भेटली; बहुतेक जणी मोबाइलवर सापडलेली बासरीची धून सर्वांना सारखीच ऐकवतात.

पडण्याला आळा घालणाऱ्या व्यायामाचे उदाहरण याच्या उलट आहे. घरी राहणाऱ्या वृद्धांवरील १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक माणसे एकत्र घेऊन कॉक्रेनने २०१९ साली दाखवले की योग्य व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते. एवढा पक्का पुरावा असलेला विषय तुमच्या आश्रमात कोणी आणत नाही, कारण तोल सांभाळण्याचे व्यायाम सात दिवसांत संपत नाहीत; ते महिनोन्‌महिने करवून घ्यावे लागतात.

या सर्व प्रबंधांत एक गोष्ट मात्र कोणी मोजत नाही. आजींची झोप आधी आणि नंतर मोजली जाते. मालिश करणाऱ्या मुलीच्या मनात सात दिवसांत काय बदलले, हे कोणी विचारत नाही. लातूरच्या पत्रलेखिकेचा प्रबंध आणि तुमची तक्रार येथे एकत्र येतात. एकीकडे आपण विद्यार्थ्यांना वृद्धसेवा का नको, म्हणून प्रश्नावल्या वाटतो, आणि दुसरीकडे त्याच विद्यार्थ्यांना एका आजीजवळ रोज बसवतो आणि त्यातून त्यांच्यात झालेला बदल कागदावर न घेताच परत आणतो. पहिल्या दिवशी वास येतो म्हणून तोंड वळवणारी मुलगी सहाव्या दिवशी आजींची नखे कापताना मी पाहिली आहे. तिच्या गाइडने त्या दिवशी तिला पसंतीक्रम विचारला असता, तर निदान एक चांगला प्रबंध झाला असता. सात दिवसांऐवजी सहा महिने, आठवड्यातून एकदा, एका विद्यार्थिनीकडे एकच आजी, असे केले तर वृद्धाश्रमाला माणूस मिळेल आणि महाविद्यालयाला खरे उत्तर. यासाठी वेगळा निधी लागत नाही. पोस्टिंगचे वेळापत्रक बदलावे लागते, आणि अनुभवाने सांगते की महाविद्यालयात ते निधीपेक्षाही अवघड असते.

आश्रमाचे चालक म्हणून तुमच्याही हातात काही गोष्टी आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेत राहणारी माणसे विशेष संरक्षणाची गरज असलेल्या गटात येतात. त्यामुळे तुमची लेखी परवानगी पुरेशी नाही. प्रत्येक आजी-आजोबांची स्वतंत्र संमती, त्यांना कळणाऱ्या भाषेत घेतलेली, हवी, आणि नाही म्हटले तरी जेवणखाण, औषध यांत काही फरक पडणार नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून कळायला हवे. महाविद्यालयाकडून नीतिविषयक समितीचे मंजुरीपत्र मागा. एका वर्षात किती अभ्यासांना परवानगी द्यायची, याचा आकडा ठरवा आणि तो आकडा लहान ठेवा. मागील वर्षीच्या अभ्यासाचा निष्कर्ष मराठीत, एका पानात लिहून आणून आजींना वाचून दाखवल्याशिवाय त्याच महाविद्यालयाच्या पुढच्या तुकडीला दार उघडू नका.

आणि पुढच्या वेळी मुली आल्या की पहिल्याच दिवशी त्यांना एवढे करायला सांगा : शेवटचा दिवस कोणता, तो दिवस आजींना सांगायचा, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर आजींच्या हातून त्याला गोल करून घ्यायचा.